आळणी पावणा

कोल्हापुरात अनोळखी माणसाला नाव लागत नाही. पावणं म्हटलं की काम भागतं. रस्ता विचारणारा पावणं, सायकल अंगावर घालणारा पावणं, आणि भांडण निघालंच तर गचांडी धरायच्या आधीसुद्धा "ओ पावणं" हीच हाक. बरं, नुसत्या हाकेवर थांबतील तर शपथ! "या की घराकडं, च्या घ्या" हे शेपूट लागणारच. कुणी खरंच यावं म्हणून ते म्हणत नाहीत आणि कुणी खरंच येतही नाही. निदान हंबीरराव मास्तरांची साठ वर्षं तरी तशी समजूत होती.

मास्तर उत्तरेश्वर पेठेतले, इंग्रजीचे. हातकणंगल्याकडच्या शेतकऱ्याचं पोर, पण छत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेलं. रिटायर झाल्यानं खाज जाते होय? एका साप्ताहिकात ते दर महिन्याला एका इंग्रजी शब्दाची जन्मकुंडली मांडायचे. शब्द कुठं जन्मला, कुणाच्या घरी वाढला, कुणाच्या नादानं बिघडला. रद्दीवाल्याकडनं उचललेला एक जाडजूड जुना कोश, पाठकोऱ्या उत्तरपत्रिका आणि तंबाखूची डबी, एवढाच संसार. वाचणारे दोघं. एक संपादक, नाइलाजानं. दुसरा कोपऱ्यावरचा सायकल दुकानदार गुंडू. हा गुंडू मास्तरांच्या हाताखाली इंग्रजीत तीनदा नापास झालेला, पण भक्ती अशी की मास्तर लांबून दिसले तरी हातातला पाना टाकून उभा राहायचा. "नमस्कार सर!"

चौऱ्याहत्तर सालचा वैशाख. स्टेशनरोडला एका इमारतीवर 'पेइंग गेस्ट' अशी नवी पाटी मास्तरांनी बघितली आणि त्यांचं टाळकंच सटकलं. "पैसे मोजणारा पाहुणा! उद्या पैसे मोजणारा जावई निघेल," असं बडबडतच ते घरी आले आणि त्या महिन्याचा शब्द ठरला. गेस्ट.

घरात तेव्हा खरी काळजी वेगळीच होती. एकुलती एक लेक लीला बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नाला आठ वर्षं झालेली, दोन वेळा पोटातलं पोटातच गेलेलं. हे तिसरं. नववा भरत आला होता. शालूबाई, म्हणजे मास्तरांची बायको, बोलून दाखवायची नाही, पण रोज देवापुढं एवढा वेळ उभी राहायची की दूध उतू जायचं. मास्तर देवाला मानत नव्हते. तेही आजकाल तिच्या मागं जाऊन गुपचूप हात जोडायचे.

एका दुपारी मास्तर बाहेरून आले तर पुढच्या सोप्यावर, जाजमावर एक पाहुणा बसलेला. डोक्याला जुना पटका, अंगात उन्हाळ्यातसुद्धा बंद गळ्याचा कोट, मांडीवर घडी घातलेली कापडी पिशवी. शालूबाई आतनं आजऱ्याच्या तांदळाचं कौतुक सांगत होती आणि तो माना डोलवत होता. आजऱ्याचं नाव निघालं म्हणजे हिच्या माहेरचा, असं मास्तरांनी धरलं आणि "कवा आलासा?" असं विचारून पाय धुवायला गेले. बायकोच्या माहेरच्या माणसाला नाव विचारायचं म्हणजे तो आपल्या ध्यानात नाही हे कबूल करायचं. संध्याकाळपर्यंत तोंड चढलं असतं तिचं.

पाहुणा राहिला. मुक्कामाला आलेल्याला "किती दिवस?" म्हणून विचारायची आपल्यात पद्धत नाही. खायलाही त्रास नव्हता. फक्त मीठ चालत नाही म्हणाला, सगळं आळणी द्या. शालूबाई त्याच्यासाठी आमटी आधी बाजूला काढून ठेवायची, आणि चुकून ताटात मीठ वाढलंच तर तो बोटानं ते कडेला असं सारायचा, जसं काही चटका बसतोय. रोज सकाळी उठून "येतो" म्हणायचा आणि बाहेर पडायचा. शालूबाई "या" म्हणायची. दिवस मावळला की परत हजर.

ही 'येतो'ची गोष्ट शालूबाईच्या घरात फार कडक होती. तिचे कायदे दोनच. आल्या माणसानं उपाशी आणि रिकाम्या हातानं जायचं नाही, हा पहिला. मग शिदोरी द्या, पेरू द्या, नाहीतर कढीपत्त्याची डहाळी द्या. आणि उंबऱ्यावर 'जातो' म्हणायचं नाही, हा दुसरा. म्हणायचं 'येतो'. एकदा मास्तर शाळेला निघताना घाईत "जातो गं" म्हणाले, तर तिनं त्यांना परत बोलावून, पाटावर बसवून, पाणी पाजून मग सोडलं होतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडातनं निघाला नव्हता.

इकडं मास्तर कोशात डोकं घालून बसले. शब्द मोठा गमतीचा निघाला. आज पैसे मोजणारा, त्याच्या मागं आपल्या पंगतीला बसणारा, हे ठीक. पण हजार-बाराशे वर्षं मागं गेलं तर जुन्या इंग्रजीत तो म्हणजे फक्त परका. कुठला कोण, दारात उभा राहिलेला. तेव्हा इंग्रज त्याचा उच्चार 'यिएस्ट' असा काहीतरी करायचे. मग समुद्रापलीकडचे लुटारू आले, जाळपोळ केली, पुढं तिथंच राहिले, जमिनी कसल्या, सोयरिकी केल्या, आणि त्यांच्या तोंडचा 'ग' इंग्रजांच्या तोंडात कायमचा बसला. मास्तर खूश. "शालू, ऐकलंस का? पाहुणा हा शब्दच पाहुण्यांनी आणलाय!"

"आणूद्या. वरणाला फोडणी देऊ का नको ते सांगा."

सोप्यावरनं पाहुणा म्हणाला, "त्येच्याबी मागं जावा की, मास्तर."

मास्तर हसले. पण रात्री पाठ टेकल्यावर त्यांना वाटलं, ह्याला इंग्रजी कुठनं कळतंय? मग आणखी एक गोष्ट आठवली. दिवसभर त्या फुफाट्यातनं हिंडून येऊनही पाहुण्याच्या पायाला धूळ नसायची. कोट घालूनही कपाळावर घामाचा टिपूस नाही. गल्लीतलं खरजुलं कुत्रं, जे पोस्टमनला तीन वर्षं शिव्या घालतंय, ते ह्याला बघून शेपूट घालून गुंडूच्या दुकानात शिरायचं. आणि पाहुणा दुसरं काही विचारायचा नाही. फक्त रोज जेवून हात धुताना एकदा, "लेकीला दिस किती ऱ्हायलं?" शालूबाई कौतुकानं सांगायची. दहा. मग आठ. मग पाच.

पाहुणा आल्याच्या दहाव्या दिवशी, दिवेलागणीला, सुईण बायडाबाई लीलाला तपासायला आली. हातानं शंभरावर बाळंतपणं केलेली बाई, कुणाच्या बापाला भ्यायची नाही. ती सोप्यावरनं आत आली आणि माजघरात मटकन खालीच बसली.

"भाइर बसल्यालं पावणं कुणाचं?"

"हिच्या माहेरचे," मास्तर म्हणाले.

"ह्यांच्या भावकीतलं," शालूबाई म्हणाली.

दोघं एकाच वेळी बोलले आणि दोघं एकाच वेळी एकमेकांकडं वळले.

"माझ्या भावकीतला? अगं, तू त्याला आजऱ्याचं सांगत होतीस ना?"

"आवं, मी कुणालाबी सांगते आजऱ्याचं! त्यो दारात आला आन् म्हनाला, मास्तरांनी बोलावलंय. मी म्हटलं, हातकनंगल्याचं असतील."

बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. "गेल्या साली पल्याडच्या गल्लीत आण्णांची सून बाळंतपणात गेली बगा, तवा ह्यो त्यांच्या सोप्यावर हुता. त्येच्या आदी बुधवार पेठेत, मायलेकरं दोगं गेली तवाबी हुता. असाच, मांडीवर पिशवी घिऊन. मला वाटायचं, ज्येच्या त्येच्या घरचा आसंल."

मास्तर तसेच उठून सोप्यावर गेले. खांबाला टेकून उभे राहिले.

"पावणं, तुमचं गाव कंचं?"

"तुमच्या गावच्या पल्याड."

"कुणी बोलावलं तुम्हाला?"

"तुमीच की." त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "गंगावेशीत, दूध कट्ट्यावर. तुमचा धक्का लागला, माझ्या अंगावर दूध सांडलं. तुमी म्हनलासा, माफ करा पावणं, या की एकदा घराकडं. लोकं म्हनत्यात, पर तोंड फिरवून म्हनत्यात. तुमी माझ्या डोळ्यात बगून म्हनलासा. बोलावल्याबिगर मी कुटं जात न्हाई, मास्तर."

आठवलं. लीला यायच्या आदल्या दिवशी. आनंदात होते, दिसेल त्याला घरी बोलवत सुटले होते. आपल्याच तोंडानं, आपल्याच हातानं आपण हे दारात आणलं. मास्तरांना वाटलं, स्वतःची जीभ हासडून फेकावी. ह्याला आत्ताच्या आत्ता जा म्हणायचं, हाताला धरून बाहेर काढायचं. त्यांनी श्वास घेतला.

"पावणं, आता तुम्ही..."

पाहुण्यानं वर बघितलं.

"...जेवूनच घ्या," मास्तर म्हणाले.

काय करणार! साठ वर्षं जिभेला जे वळण, ते एका श्वासात मोडतंय होय? आत येऊन त्यांनी कपाळ बडवून घेतलं. शालूबाई रडत नव्हती. ती लीलाच्या उशाशी जाऊन बसली आणि तिच्या केसांतनं हात फिरवत राहिली. लीलाला कुणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा 'येतो' म्हणून बाहेर पडलाच नाही, आणि अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून चार होते, तरीही. तासाभरात बायडाबाईचा चेहरा उतरला. बाळ आडवं आलं होतं. गुंडू सायकल मारत डॉक्टरीणबाईंकडं गेला, पण त्या दुसरीकडं कुठं गेलेल्या. तो त्यांना हुडकायला गावभर फिरत होता. लीलाचं ओरडणं आधी मोठं होतं, मग बारीक व्हायला लागलं. ते बारीक होणं मास्तरांना सोसेना. ओरड गं बाई, ओरड, असं ते मनात म्हणत होते.

सोप्यावर पाहुण्यानं मांडीवरची पिशवी उलगडली. दोन्ही हातांनी धरून झटकली. बाजाराला निघालेला माणूस झटकतो, तशी.

मास्तर आत पळाले ते कोशाकडं. डोकं फिरल्यावर माणूस जिथं आयुष्य काढलं तिथंच जातो. भटजी देवाकडं, पैलवान तालमीकडं, मास्तर पुस्तकाकडं. पाहुणाच म्हणाला होता ना, त्याच्याही मागं जा? ते मागं गेले. परक्याच्या मागं एक अर्थ होता, शत्रू. त्या काळात दारातल्या परक्याला पाहुणा आणि शत्रू दोन्ही म्हणायचे, कारण तो कोण निघतो ते आत घेतल्याशिवाय कळायचं नाही. लॅटिन भाषेत ह्याच शब्दाचा सख्खा भाऊ निव्वळ वैरी होऊन बसलेला. अजून मागं. सगळ्यात खाली, जिथं इंग्रजीही नव्हती आणि लॅटिनही नव्हती, तिथं कोशकारानं बारीक टायपात दोनच ओळी दिल्या होत्या. मूळ शब्द पाहुण्याचाही आणि यजमानाचाही. जो खातो तो, आणि जो खाऊ घालतो तोही. देण्याघेण्याच्या एका दाव्याला बांधलेले दोघं.

बांधलेले! मास्तरांनी कोश मिटला. अकरा दिवस हा माणूस मीठ बाजूला का सारतोय, ते त्यांना एकदम कळलं. मीठ खाल्लं की मिठाला जागावं लागतं. तो आपल्या घरात राहिला, जेवला, पण बांधून घेतलं नाही त्यानं.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मास्तरांनी उभ्या जन्मात चहा केला नव्हता, पण ताक घुसळलेलं होतं आणि मिठाची बरणी कुठं असते एवढं माहीत होतं. चिमूट नाही, मूठभर घातलं. पेला घेऊन सोप्यावर आले.

"पावणं, ताक."

"आळणी हाय न्हवं?"

खोटं बोलले असते तर कदाचित तो प्यालाही नसता. मास्तर खोटं बोलले नाहीत. "यजमानानं स्वतःच्या हातानं दिलंय. तुम्ही बोलावल्याशिवाय येत नाही म्हणता, रीत पाळता. मग यजमानाच्या हातचं नाकारायची रीत कुठल्या गावची?"

आतनं लीलाचा आवाज आलाच नाही. पाहुणा पेल्याकडं बघत राहिला. मग त्यानं पेला तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. त्याच्या कपाळावर, अकरा दिवसांत पहिल्यांदा, घाम फुटला.

"लई दिसांनी मीठ चाखलं," तो म्हणाला. आता त्याचा आवाज माणसासारखा होता. "घात केलासा, मास्तर."

"खाल्ल्या मिठाला जागा, पावणं. माझ्या लेकीला आणि तिच्या लेकराला हात लावायचा नाही."

"लावत न्हाई. पर पिशवी उलगडलीया. रिकाम्या हातानं कुणी जायचं न्हाई, ही तुमच्याच घरची रीत. अकरा दिस आयकतोय."

मास्तर खाली बसले. त्याच्या शेजारी, त्याच जाजमावर. त्यांना भीती वाटत होती, आणि खोटं कशाला सांगा, फार वाटत होती. नातवंडाचं तोंड बघायचं होतं. शब्दाची कुंडली अर्धी राहिली होती. पण बोलावलं कुणी? ज्यानं बोलावलं त्यानं निस्तरावं, ह्यात दुसरं काय असतं!

"जेवून निघताना पाहुण्यानं एक म्हणायचं असतं," मास्तर म्हणाले. "आता एकदा तुम्ही या आमच्याकडं, म्हणून. म्हणा की."

पाहुण्यानं मान खाली घातली. "मीबी एकदा एकाला असंच बोलावलं हुतं, मास्तर. माझ्या थोरल्या लेकाच्या टायमाला."

"म्हणा की."

"या की आमच्याकडं," पाहुणा म्हणाला.

आणि आतनं बाळ रडलं. पहिल्यांदा कोंबडीच्या पिलासारखं बारीक, मग छाती भरून, अगदी गल्लीला ऐकू जाईल असं. पाठोपाठ बायडाबाई ओरडली, "फिरलं! आपसूक फिरलं! पोरगी झाली वो मास्तर! लीलाबी धड हाय!" शालूबाई हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

मास्तरांनी खुंटीवरचा कोट घातला, टोपी घातली आणि पुन्हा खांबाला टेकून जाजमावर बसले. आत डोकवावं असं फार वाटलं. पण एकदा तोंड बघितलं असतं तर पाय निघाला नसता. पाहुण्यानं पिशवी पुढं केली. त्यांनी ती घेतली. रिकामीच होती, पण धान्य भरल्यासारखी जड लागली.

"कुटं निघालासा ह्या उनाचं?" शालूबाईचा आवाज माजघरातनं आला. "च्या ठेवते, थांबा! नातीला बगून तर जावा!"

उंबऱ्यावर मास्तर थांबले. 'येतो' हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. चाळीस वर्षांची सवय. त्यांनी तो गिळला. ह्या घरात आता ह्या पिशवीनं पुन्हा यायचं नव्हतं.

"जातो गं, शालू," ते म्हणाले.

आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. "काय म्हनलासा?" तिची पावलं धावत आली, आणि सोप्यावर येऊन ती किंचाळली. मास्तरांनी न राहवून एकदा मागं बघितलं. जाजमावर कोट-टोपी घालून ते स्वतःच बसलेले होते, खांबाला टेकून, मान छातीवर. शालूबाई त्यांना गदागदा हलवत होती. दारात उभ्या असलेल्या त्यांच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

पाहुणा पुढं चालायला लागला, मास्तर मागं. उन्हात पाय भाजत नव्हते. कोपऱ्यावर गुंडू सायकल लावत होता. घामाघूम, शर्टाची बटणं तुटलेली, पाठीमागं रिक्षातनं डॉक्टरीणबाई उतरत होत्या आणि बाळाचं रडणं कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. मास्तरांना भरून आलं. आता हा सायकल टाकून उभा राहील, नमस्कार सर म्हणेल, आणि आपण त्याला सांगू, पोरगी झाली रे गुंड्या.

गुंडूनं वळून बघितलं. नीट बघितलं, अगदी डोळ्यात डोळे घालून. ओळख कुठंच दिसली नाही. पण माणूस कोल्हापूरचा, तोंडाला वळण ते वळण.

"रामराम पावणं," तो म्हणाला. "उनाचं कुटं निघालासा? आज आमच्या सरांच्यात आनंद हाय. मागनं या की माझ्या घराकडं, च्या घ्या."

मास्तरांना माहीत होतं, गुंडूच्या बायकोला सातवा होता. 'येतो की' हे शब्द आपोआप तोंडात आले. त्यांनी दात घट्ट आवळले, पिशवी छातीशी धरली आणि काही न बोलता पुढं चालू लागले.